मालगाडीचा पंखा

लग्न होऊन दौंडला बिऱ्हाड थाटायला आले, त्या दिवशी आमच्या घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "सूनबाई, तुमी मेल का मालगाडी?"

माझ्या डोक्यावर पदर, काखेत शिलाई मशीनचं डोकं आणि मागे ट्रंक घेऊन उभे असलेले आमचे हे. न्हावऱ्याहून एसटीनं धक्के खात आलेली मी ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. ह्यांनीच वेळ मारून नेली, "आबा, आत्ताशी आलीय. बघू." घरमालकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मशीनच्या डोक्याकडे बघितलं, चाक एकदा हातानं फिरवलं आणि निकाल दिला, "मालगाडी. चांगलं हाय. मालगाडी येळंवर येत न्हाई, पर सगळ्यांची चूल तिच्यावर पेटती."

जगातल्या माणसांची त्यांनी चार गटांत वाटणी करून ठेवली होती. मेल, पॅसेंजर, मालगाडी आणि शंटिंग. आमचे हे स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते, जाताना पळत आणि येतानाही पळत, म्हणून ते मेल. दूधवाला प्रत्येक दारात थांबून बोलायचा, तो पॅसेंजर. आबांची स्वतःची बायको, जिला आम्ही मावशी म्हणायचो, ती शंटिंगचं इंजिन. "दिसभर पुढं-मागं, पुढं-मागं, आन् तिच्याबगर घरातला एक डबा हलत न्हाई." मावशी भाकरी थापता थापता म्हणायची, "आन् ह्ये सोता शिग्नल. नुस्तं हात वर करून हुबं."

गावात आबांना सगळे फोरमन म्हणत. ते फोरमन कधीच नव्हते. लोको शेडमध्ये फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. पण शेडमध्ये बदलून आलेला प्रत्येक खरा फोरमन अडला की आबांना विचारायला यायचा, तेवढ्यावर गल्लीनं त्यांना बढती देऊन टाकली. रेल्वेनं दिली नाही ती गल्लीनं दिली, आणि त्यांनी ती नाकारली नाही.

त्यांच्याजवळ हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर होता. कुठलीही वस्तू कुरकुरायला लागली की त्याचं टोक त्या वस्तूला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. पंप, सायकल, पिठाची गिरणी, काहीही. माझ्या मशीनला त्यांनी असा कान लावला आणि "आत एक दात भुका हाय" म्हणाले. तेल घातलं, कुरकुर गेली. एकदा मावशीला खोकला झाला तेव्हा ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्या पाठीशी उभे राहिले. ती म्हणाली, "ऐका बापडं. पर खोलू नका मला."

त्यांच्या ओसरीतली एक भिंत मात्र मी दुसऱ्या कुणाच्या घरी बघितली नाही. समोर बुद्धाची तसबीर, रोज सकाळी तिच्यापुढे मावशी मेणबत्ती लावायची. तसबिरीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर खिळेच खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर फोरमननी हातानं केलेली एकेक फसलेली वस्तू टांगलेली. वाकडा झालेला कोयंडा, गळकी तोटी, उलट्या आट्यांचा बोल्ट. खाली खडूनं एकेक शब्द लिहिलेला: "घाई." "माप." "दुसऱ्याचं ऐकलं." मी विचारलं, "आबा, लोक चुका झाकतात, तुम्ही टांगून ठेवता?" तर तसबिरीकडे बोट करून म्हणाले, "त्यांच्याम्होरं खोटं बोलायचं न्हाई, एवढंच."

सखाराम हा त्यांचा एकुलता एक दोस्त. दौंडच्या खालच्या अंगाला, सायकलवर तासाभराच्या वाटेवर, नदीकाठी दोघांचं गाव. सखातात्या जातीनं भोई, बापजाद्यांपासून भीमेत मासे धरणारे. दोघं एकाच शाळेत होते. "म्या वर्गाभाईर पायरीवर बसून शिकलो आन् सख्या आत बसून शिकला न्हाई," असं फोरमन सांगायचे आणि स्वतःच हसायचे. मला पहिल्यांदा ते ऐकून हसावं की नाही कळेना. सखातात्या शेजारी बसलेले होते, ते म्हणाले, "हसा, हसा. मास्तर बी हसायचा."

ही गोष्ट झाली तेव्हा खाली उजनीला धरणाचं काम चाललं होतं आणि नदीचं पाणी थोडं थोडं वर सरकत होतं. सखातात्यांची होडी आयुष्यभर बांबूनं रेटलेली. आता बांबू तळाला टेकेना. नदी रुंद झाली, वल्ही मारावी लागली, आणि साठी ओलांडलेल्या सखातात्यांचा उजवा खांदा त्यात कामातून गेला. हात छातीच्या वर जाईना. बायको पाचसहा वर्षांपूर्वी वारलेली, मुलगी कासुर्डीला दिलेली. जावई माणूस चांगला होता. तो म्हणाला, होडी देऊन टाका, पाडव्याला मी गाडी घेऊन न्यायला येतो, आमच्याकडे गुरांमागे निवांत राहा. सखातात्यांनी मान डोलावली.

हे सांगायला ते आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. बशीतला चहा फुंकत एवढंच म्हणाले, "जावाय लाख माणूस हाय. पर गुरांचं मला काय कळत न्हाई गड्या. नुस्ती बगत्यात आपल्याकडं."

त्या आवाजात असं काही होतं की मी हातातलं शिवण खाली ठेवलं. फोरमन आत गेले, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, सखातात्यांच्या खांद्याला टेकवला आणि कान लावला. "हात हलीव. आजून." मग मूठ खाली घेऊन म्हणाले, "बेरिंग गेलंय. ह्ये बदलून मिळत न्हाई. इंजिन बसवू."

"कुणाला?" सखातात्या घाबरून म्हणाले.

"होडीला."

पाडव्याला तीन महिने होते.

पहिलं इंजिन आणलं ते पाच हॉर्सपॉवरचं डिझेलचं, विहिरीवर बसवतात ते. चार माणसांनी ते बैलगाडीतून होडीत उतरवलं आणि होडी शांतपणे काठापर्यंत पाण्यात बसली. बुडाली नाही, बसली. वरून सखातात्या त्यात चढायला गेले तर फोरमननी त्यांचा सदरा धरला. घरी आल्यावर भिंतीवर त्या इंजिनाचा एक नट टांगला गेला. खाली शब्द: "वजन."

दुसरं इंजिन राहू गावात सापडलं. तिथल्या एका बागायतदाराच्या विहिरीवर वीज आली होती आणि त्याचं जुनं रॉकेलवरचं छोटं इंजिन गोठ्यात पडून होतं, त्यात कोंबडी अंडी घालायची. फोरमन चार दिवस राहूला राहिले, बागायतदाराची बिघडलेली मळणी यंत्रं दुरुस्त करून दिली आणि त्या बदल्यात इंजिन घेऊन आले. त्यातून दोन अंडीही निघाली, ती मावशीनं उकडून घातली.

आता प्रश्न आला पंख्याचा. होडीच्या मागे, पाण्याच्या आत फिरतो तो पंखा. मी जन्मात बघितलेला नव्हता. आमच्या न्हावऱ्याकडे पाणी म्हणजे विहिरीतलं, त्यात पोहरा सोडायचा, होडी नाही. फोरमननी मला लाकडात स्क्रू फिरवून दाखवला. "ह्यो स्क्रू एका फेऱ्यात किती आत गेला? आटे जितकं लांब लांब, तितका पळतो जास्ती. पर पिळताना मनगाट मोडतं. आटे जवळजवळ असलं, तर मनगाटाला सोपं, पर सरकतो मुंगीवाणी. पंखा म्हंजी पाण्यात फिरणारा स्क्रूच. पात्याला पीळ किती द्यायचा, एवढाच सवाल हाय."

एवढ्याच सवालात महिना गेला.

खरं म्हणजे उत्तर त्यांच्या हातात होतं. शेडमधला माणूस, त्याला पाठ होतं की मेलच्या इंजिनाची चाकं मोठी असतात आणि मालगाडीच्या इंजिनाची लहान. लहान चाक पळत नाही, पण ओढतं. मासेमारीची होडी म्हणजे उघड उघड मालगाडी. पण दोस्ताच्या बाबतीत माणसाचं डोकं चालत नाही हेच खरं. त्यांना सखारामला मेलमध्ये बसवायचं होतं. "हिकडनं निगाला की पाच मिन्टात नदीतल्या बेटाला भिडला पायजे," असं ते हातानं दाखवायचे. सखातात्या म्हणाले, "मला कुठं पळायचंय? मासं काय पुण्याला चाल्लेत?" फोरमननी ऐकलं नाही.

आमच्या ह्यांच्या ओळखीनं मुंबईच्या भंगारातून एक पितळी पंखा पार्सलनं आला. समुद्रातल्या होडीचा, तीन पात्यांचा, ताटाएवढा, पिळदार. त्याला बघून गल्ली जमली. मावशी म्हणाली, "पुजायचा का लावायचा?" होडीला बसवला, इंजिन सुरू केलं. इंजिनानं दोन आचके दिले, काळा धूर सोडला आणि मान टाकली. तीनदा तेच झालं. एवढा पीळ त्या बापड्याला पाण्यात फिरवताच येईना.

मग ते एकदम दुसऱ्या टोकाला गेले. पत्र्याचा पंखा स्वतः कापला, अगदी सपाट पात्यांचा. ह्या वेळी इंजिन असं किंचाळलं की काठावरचे बगळे उडाले, पाण्याला फेस आला, आणि होडी म्हशीसारखी जागच्या जागी उभी. सखातात्या मान वळवून फेसाकडे बघत म्हणाले, "ताक चांगलं घुसळतंय."

भिंतीवर दोन्ही पंखे शेजारी शेजारी लागले. एकाखाली "हौस", दुसऱ्याखाली "भीती". मी त्यांना विचारलं, की हा पत्र्याचा पीळ कशावरून घेतला होता? ते खडू ठेवायला आत गेले. त्या वर्षी शिमग्याच्या बऱ्याच आधी उकडायला लागलं, आमच्या ह्यांनी माझ्या भावानं लग्नात दिलेला टेबलफॅन माळ्यावरून काढला, बटण दाबलं, मोटार घुं घुं करायला लागली आणि वारा येईना. जाळीच्या आत पातीच नव्हती. फोरमन दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, म्या माप घ्यायला काढली हुती. माप घेताना जरा वाकली." मला राग आला होता आणि हसूही येत होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतला.

तिसरा पंखा मावशीमुळे झाला. तिची एक जुनी पितळी घागर होती, बुडाला चीर गेलेली. तिनं ती फोरमनपुढे आणून ठेवली आणि म्हणाली, "ना हौस, ना भीती. मधला करा. पानी आन्तानी घागर कशी धरायची? लई तिरकी बी न्हाई, लई सरळ बी न्हाई." फोरमननी घागर हातात घेऊन दोनतीनदा तिरकी करून बघितली. मग मातीचा साचा केला, घागर वितळवली आणि दोन पात्यांचा पंखा ओतला, रुंद आणि कमी पिळाचा. मालगाडीचा पंखा. त्याभोवती जाळं अडकू नये म्हणून तारांचा पिंजरा केला. आठ दिवस कानशीनं पाती घासत होते. दोन्ही पाती तंतोतंत एका वजनाची हवीत म्हणून तो दोऱ्याला टांगून ठेवायचे आणि कुठलं पातं खाली येतं ते बघायचे. सकाळी उठून मी अंगणात सडा टाकायला यावं तर हे उकिडवे बसून पंख्याकडे टक लावून बघताहेत.

होडी चालली. वारा पडलेला होता, पाणी ताटासारखं, आणि इंजिन टक टक टक करत होडीला बेटापर्यंत घेऊन गेलं आणि घेऊन आलं. सखातात्या डाव्या हातानं सुकाणू धरून बसले होते, आणि उतरल्यावर त्यांनी होडीच्या कडेवरून हात फिरवला. इथेच थांबलो असतो तर गोष्ट इथे संपली असती.

पण फोरमनच्या डोक्यात क्याब होती, रेल्वेच्या इंजिनात ड्रायव्हर बसतो ती खोली.

"आबा, होडीला छप्पर कशाला?" मी विचारलं.

"छप्पर न्हाई, क्याब. डायवर उगड्यावर बसतो व्हय? म्या बगितलंय, कोळशाच्या इंजिनावर डायवरला एका अंगानं भट्टी आन् दुसऱ्या अंगानं पाऊस. चाळीशीत माणसं वाकायची. सख्याचा खांदा गारठ्यानंच गेलाय. त्येला आता वाऱ्याची झुळूक बी लागू द्यायची न्हाई."

आणि ही क्याब शिवायची कुणी? घरात मशीन माझी. बाजारातून जुन्या तंबूचं जाड कापड आलं. फोरमननी सखातात्यांची मापं घेतली: बसलेले, उभे, आडवे आणि शिंकताना. "शिंकताना मानूस फुडं येतो, कापड डोक्याला लागंल," म्हणाले. मी चौफेर बंद अशी खोली शिवली, वर छप्पर, चारी बाजूंनी पडदे. तीन सुया मोडल्या. कापड इतकं जाड की मी शिवायचे आणि फोरमन हातानं चाक फिरवायचे. बाहेरचं दिसायला खिडक्या हव्यात, तर त्यांनी दवाखान्यातल्या टाकून दिलेल्या एक्सरेच्या फिल्म आणल्या, सोड्याच्या पाण्यात धुऊन आरपार दिसेल अशा केल्या आणि मी त्या शिवल्या. एक फिल्म नीट धुतली गेली नव्हती. तिच्यातून बघितलं की पलीकडचं बेट दिसायचं आणि मध्ये कुणाच्या तरी दोन बरगड्या. मावशी म्हणाली, "दुसऱ्याच्या छातीतनं नदी बगायची." मला माझ्या शिवणाचा अभिमान वाटत होता, हे आज कबूल करते. एक टाका तिरका नव्हता.

पाडव्याला पाच दिवस उरले असताना आम्ही सगळे नदीवर गेलो. फोरमन काठावर उभे, हातात हिरवं निशाण, लाल निशाण खिशात. त्यांनी निशाण दाखवलं, इंजिन टक टक करायला लागलं, आणि माझी खोली ऐटीत निघाली.

बाभळींच्या आडोशात सगळं ठीक होतं. आडोसा संपला आणि फाल्गुनातला वारा त्या चार भिंतींना भिडला. होडीचं तोंड दौंडकडे आणि चाल सोलापूरकडे. पंखा पुढे ढकलत होता, वारा आडवा ढकलत होता, आणि होडी खेकड्यासारखी तिरकी तिरकी निघाली. फोरमननी लाल निशाण काढलं, दोन्ही हातांनी हलवलं. पण आत उकाड्यानं खिडक्यांवर घाम धरला होता, सखातात्यांना काही दिसत नव्हतं, आणि इंजिनापुढे ऐकूही येत नव्हतं. होडी खालच्या वळणाला म्हशी बसतात त्या चिखलात जाऊन रुतली. म्हशी उठल्या. बऱ्याच वेळानं पडदा बाजूला झाला आणि घामानं निथळणारे सखातात्या बाहेर आले.

"घर लई ब्येस हाय," ते म्हणाले. "पर मला मासं धरायचं हुतं."

आम्ही हसलो. फोरमन हसले नाहीत. परतताना सायकल हातात धरून चालत आले. दोन दिवस ते ओसरीत त्या भिंतीकडे तोंड करून बसले, मावशीनं ताट वाढलं तर अर्धं तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले, कापडाचा गुंडाळा खांद्यावर.

"सूनबाई, शिवण तुमची चोख हाय. चूक माजी. चाळीस वर्सं गाड्यांना वारा लागताना बगितला, पर गाडी कवा बाजूला सरली न्हाई. का? खाली रूळ. म्या मनात धरूनच चाललो की पान्यात बी रूळ हायेत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला भडभडून आलं. एवढा हुशार माणूस, आणि ज्या गोष्टीत चाळीस वर्षं घालवली तिनंच त्याला फसवलं होतं. मी म्हटलं, "आबा, दोन दिवस आहेत. उसवू या."

"आन् एक ऱ्हायलं," ते म्हणाले. "मापं सगळी घेतली. सख्याला काय पायजे, ह्ये इचारलंच न्हाई."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी विचारलं. सखातात्यांचं उत्तर लहान होतं. डोक्यावर सावली, इंजिनावर सावली, आणि बसल्या जागेवरून चारी अंगांनी पाणी दिसलं पाहिजे. मासे कुठे आहेत ते पाण्याच्या कातडीवरून कळतं, ते कुणाच्या बरगड्यांतून कळत नाही. एवढंच.

मी भिंती उसवल्या. बुटकं छप्पर राहिलं, वाकवलेल्या बांबूंच्या कमानीवर. वाऱ्याच्या बाजूला एकच पडदा, गुंडाळून वर बांधलेला, डाव्या हातानं एक दोरी ओढली की पडायचा, दुसरी ओढली की उठायचा. उरलेल्या कापडाचा एक तुकडा फोरमननी भिंतीवर टांगला आणि खाली लिहिलं, "रूळ."

पाडव्याच्या दिवशी मावशी आणि मी पुरणपोळ्यांचं टोपलं घेऊन टांग्यानं गेलो. सखातात्यांनी झोपडीवर गुढी उभारली होती. कासुर्डीचा जावई बैलगाडी घेऊन आधीच आला होता. सखातात्यांची वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि पाण्याचा तांब्या गाडीत चढवून झाला होता. जावई आमच्याशी अदबीनं बोलला. "मामांची हौस हुंद्या," म्हणाला, "पर उनाच्या आत निगू." होडी बघायला आलेला एक माणूस बाजूला बिडी ओढत बसला होता. होडी आज चालली नाही तर तो ती घेऊन जाणार होता.

सखातात्या होडीत बसले. डाव्या हातानं दोरी ओढून इंजिन सुरू केलं. वारा होता, चांगला झोंबरा वारा होता, पण छप्पर बुटकं होतं आणि वारा खालून निघून जात होता. मालगाडीचा पंखा सावकाश ओढत होता. होडी पाण्यावर रेघ मारल्यासारखी सरळ गेली. फोरमनच्या हातात ह्या वेळी निशाण नव्हतं. होडी बेटाला वळसा घालून लव्हाळ्याच्या मागे गेली, दिसेनाशी झाली, नुसता टक टक आवाज येत राहिला.

आणि तो आवाज बंद पडला.

आम्ही वाट बघितली. वाटलं, आता सुरू होईल. झाला नाही. बिडीवाला माणूस उठून उभा राहिला. जावई बैलांकडे बघायला लागला. मी फोरमनकडे बघितलं, तर ते जागेवर नव्हते. पाने-पकडींची पिशवी खांद्याला लावून, चपला पायात तशाच, ते पाण्यात उतरले होते.

"अवं, कुठं निगालाव?" मावशी म्हणाली. त्यांनी मागे बघितलं नाही. मावशीनं माझं मनगट धरलं. "त्यास्नी पवता येत न्हाई," ती म्हणाली.

नदीकाठी जन्मलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. डोहावरचा घाट त्यांच्या वस्तीला बंद होता. त्यांचं पाणी खालच्या अंगाला, गुडघाभर. गुडघाभर पाण्यात कोण पोहायला शिकतं?

पाणी त्यांच्या कमरेला लागलं, मग छातीला. त्यांनी पिशवी डोक्यावर घेतली आणि चालतच राहिले. जावयानं डोक्याचा पटका काढून टाकला आणि तो पाण्याकडे धावला. तेवढ्यात लव्हाळ्यामागून टक टक सुरू झालं आणि होडी वळसा घालून बाहेर आली. सखातात्यांना पाण्यावर एक पिशवी आणि तिच्याखाली एक डोकं दिसलं. त्यांनी लांबूनच इंजिन बंद केलं, होडी आपसूक सरकत येऊ दिली आणि डाव्या हातानं दोस्ताचं बखोट धरून त्याला आत ओढलं. आवाज पाण्यावरून स्वच्छ येत होता.

"काय झालं हुतं?" फोरमननी विचारलं, धापा टाकत.

"काय व्हायचं? जाळं सोडत हुतो. इंजिन चालू ठेवून जाळं सोडत्यात व्हय?" मग थोडं थांबून, "पवता येत न्हाई आन् कुठं चालला हुतास?"

"गाडी दोन ठेसनांच्या मदी बंद पडली. फिटरनं जायाचं आसतं."

सखातात्यांनी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन कोरड्या जागी ठेवली. दोघं म्हातारे त्या बुटक्या छपराखाली बसून होते, एक कोरडा, एक निथळणारा, आणि होडी आपली आपण काठाला येत होती. मी तोंडाला पदर लावून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. जावई कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्याच्याजवळ आल्यावर सखातात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावायबापू," ते म्हणाले, "पोळ्या खाऊन जावा. म्या न्हाई येत."

जावयानं होडीकडे बघितलं, मग त्या दोघांकडे. "बरं, मामा," म्हणाला. ओल्या धोतरानंच बैलगाडीकडे गेला, वळकटी उचलली आणि परत झोपडीत नेऊन ठेवली.